अब्बांची सुई आणि माझी

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मित्रांनो, मी डॉक्टर नाही. एसटीत कंडक्टर होतो. 2023 ला निवृत्त झालो, त्याआधीची 22 वर्षं शुगर सोबत घेऊन गाडीवर चढत होतो. तेव्हा जे सांगतोय ते अंगावर काढलेलं आहे, पुस्तकातलं नाही.

2001 साली मी 36 वर्षांचा होतो. मिरज–पुणे गाडीवर प्रत्येक स्टँडला लघवीला उतरायचो. ड्रायव्हर म्हणायचा, "भाई, तिकिटं फाडायला येता का स्टँड मोजायला?" रक्त तपासलं तर उपाशीपोटी 240. गोळ्या सुरू झाल्या. तिथवर मला काही वाटलं नाही.

भीती होती ती सुईची. आमच्या अब्बांना चप्पल चावली होती. पायाची संवेदना गेलेली, त्यामुळं जखम त्यांना कळलीच नाही. ती चिघळली, पाय काळा पडत गेला. दवाखान्यात नेलं, तिथं इन्सुलिन सुरू झालं, पाय कापला आणि अकराव्या दिवशी ते गेले. घरात हिशेब एवढाच उरला: सुई लागली आणि माणूस गेला. आधीची दहा वर्षं गोळ्या मनाला येतील तशा घेतल्या होत्या, ते त्या हिशेबात कुणी धरलं नाही. मीसुद्धा नाही.

2012 ला माझी तीन महिन्यांची सरासरी, एचबीए1सी, 10.4 आली. ती साधारण 7 च्या आसपास हवी. डॉक्टर म्हणाले, आता इन्सुलिन. मी म्हटलं, एक महिना द्या. तो महिना चार वर्षं चालला. कारल्याचा रस झाला, जांभळाच्या बियांची पूड झाली. एका नातेवाइकानं सांगितलं, ते डुकरापासून काढतात. मला कारण पाहिजेच होतं, मी ते धरून बसलो. खरी गोष्ट अशी की 1921 ला टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला तेव्हापासून अनेक वर्षं ते गाय-बैल आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत असत. पण 1982 पासून जिवाणूंच्या मदतीनं बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आहे. मी नको म्हणत होतो त्याच्या 30 वर्षं आधीपासून!

डॉक्टरांनी समजावलं होतं, पण डोक्यात शिरलं उशिरा. टाइप 2 मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वर्षागणिक थकत जातात. गोळ्या त्यांना ढकलतात, किंवा शरीरात आहे ते इन्सुलिन नीट वापरायला लावतात. पण बनणंच कमी झालं तर ढकलून काय होणार? गाडीत डिझेलच नसेल तर धक्का किती मारणार?

2016 ला मुक्कामाच्या गाडीवर रात्री डोळ्यांपुढं काळे धागे तरंगायला लागले. पापणी मिटली तरी जाईनात. डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झाला होता. लेसर घेतलं. उजव्या डोळ्यानं आजही बारीक आकडे धड दिसत नाहीत. ती चार वर्षं मला तिथं भोवली.

मग सुई सुरू झाली. सुईला मी एवढा भ्यायलो होतो, पण मुंगी चावल्याइतकंसुद्धा दुखलं नाही. घोटाळा वेगळाच झाला. माझी बाटली 40 युनिटची, आणि औषधाच्या दुकानातून सिरिंज आली 100 ची. मी इमानदारीत 20 च्या खुणेपर्यंत भरत होतो आणि अंगात जात होते फक्त 8 युनिट. आठवडाभर शुगर हलेना. मुलीनं टोपण बघितलं: 40 ला लाल, 100 ला केशरी. उलटं झालं असतं तर 20 च्या जागी 50 गेले असते आणि आज मी इथं नसतो. घरी कुणी बाटलीतून घेत असेल तर आज रात्री तेवढं एक बघाच.

2017 चा रमजान मे अखेरीला सुरू झाला, दिवस मोठे, ऊन तसंच. डॉक्टरांनी रोजे नको म्हटलं होतं. मी कुणाला न सांगता ठेवले, इन्सुलिनही नेहमीचंच घेतलं. सहाव्या दिवशी दुपारी चारला गाडीत दरदरून घाम, हात थरथरतायत, एकाच माणसाला दोनदा तिकीट दिलं. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, साखरेचं पाणी तोंडाला लावलं. मी दात आवळून बसलो: रोजा आहे! तो ओरडला, "तुमचा अल्ला माझ्यावर रागावू दे, पण प्या." प्यालो. पंधरा मिनिटांनी माणसात आलो.

मशिदीतल्या मौलानांकडे खाली मान घालून गेलो. ते म्हणाले, आजाऱ्याला सूट कुराणातच दिलीय, ती नाकारून तुम्ही कुणावर उपकार करताय? तेव्हापासून मी फिदिया देतो. ज्यांना डॉक्टर परवानगी देतात त्यांनी डोस आधी बदलून घ्यावा. बोटातून रक्त काढून तपासल्यानं रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. 70 च्या खाली गेलं तर तिथंच सोडायचा, मग इफ्तारला दहा मिनिटं का उरलेली असेनात.

आता लाजेची गोष्ट. मुलीला स्थळं येत होती. बायको म्हणाली, शुगरचं बोलू नका, खानदानात आहे म्हणतील. मी न्हाणीघरात कडी लावून सुई घ्यायचो. पाहुणे आले की फ्रिजमधली बाटली लोणच्याच्या बरणीमागं. एकदा पाहुण्यांसमोर मुलीनंच सांगून टाकलं: अब्बांना शुगर आहे, मला होऊ शकते, मी दरवर्षी तपासते. ते लोक परत आले नाहीत. बायको दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. पुढच्या स्थळालाही तिनं तेच सांगितलं. मुलाच्या अम्मीनं चहाचा कप खाली ठेवला आणि मला विचारलं, "तुम्हाला कितीचा डोस आहे?" त्यांचा 24 चा होता. चुपचाप घेत होत्या, त्यांच्या सुनेलाही माहीत नव्हतं.

बरणीमागची बाटली आता फ्रिजच्या दारात, सगळ्यांना दिसेल अशी असते.

बरं, साडेसात झाले. जेवण आठला आहे असं म्हणालात ना? मग माझी वेळ झाली. मी इथंच घेतो. पुढच्या रांगेतल्यांनी जरा टेबलावरचा दिवा लावा, टोपणाचा रंग मला नीट दिसत नाही.