आधी छताकडे बघा

चाळीतल्या खोलीला खिडकी बहुधा एकच, तीही गॅलरीत उघडणारी. तिच्यासमोर वाळत घातलेले कपडे, शेजारी गडद सनमायकाचं कपाट आणि मग भरदुपारी ट्यूबलाइट! घर सजवून घेणारे मला पहिल्यांदा विचारतात, "दिवे कुठे वाढवायचे?" मी छताकडे बघते. गॅलरीच्या फरशीवर पडलेलं ऊन उसळून खिडकीतून छतावर जातं आणि तिथून खोलीच्या पार मागच्या भिंतीपर्यंत पोचतं. पांढरं स्वच्छ छत त्यातला साधारण ८० टक्के उजेड परत देतं, धुरकटलेलं छत तो गिळून बसतं. म्हणून आधी छताला पांढरा रंग, कपाट मागच्या कोपऱ्यात आणि कपड्यांची दोरी जरा बाजूला. फॉल्स सीलिंगच्या भानगडीत मात्र पडू नका. आधीच बेताची उंची, तीही जाते.

हे निव्वळ हौसेचं काम नाही. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जितका उजेड पोचतो, त्याच्या जेमतेम एक तृतीयांश साठीत पोचतो. तांदळात खडा राहिला की आपण आजींना चष्म्याचा नंबर तपासायला नेतो. न्यावंच, पण त्यांचा पाट खिडकीशी मांडून बघा. आणि मोरीच्या पायरीच्या कडेला पांढरी पट्टी ओढा.