नळाजवळची वडी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कोलकाता येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावर एखादा साहित्यिक अथवा इतिहासकार शोभला असता. कार्यकारिणीने मात्र जाहिरातीच्या व्यवसायात बावीस वर्षे घालविलेल्या आणि महिन्यातील निम्मे दिवस परगावी असणाऱ्या एका आईला बोलाविले. तेव्हा मी माझ्या व्यवसायाबद्दल आणि घराबद्दलच बोलणार आहे. या दोहोंचा मराठीशी काय संबंध, असे आपणांस वाटेल. तो दाखविणे एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

जाहिरात म्हटली की चित्रे, गाणी आणि घोषवाक्ये डोळ्यांपुढे येतात. ती करणारी मंडळी वेगळी. मी नियोजक आहे. १९६८ च्या सुमारास लंडनमध्ये स्टीफन किंग आणि स्टॅन्ली पॉलिट या दोघांनी, दोन निरनिराळ्या जाहिरातसंस्थांत राहून, या कामाचा पाया घातला. त्यांचे म्हणणे साधे होते. जाहिरातसंस्थेत उत्पादकाची बाजू मांडणारा माणूस असतो, लेखक आणि चित्रकार असतात. मग ग्राहकाची बाजू सांगणारा का नसावा? म्हणून आम्ही घरोघर जातो. आज रायपूर, उद्या कोईमतूर, पुढल्या आठवड्यात गुवाहाटी. बसतो, चहा घेतो, विचारतो आणि पाहतो.

घरांची प्रतवारी लावण्यासाठी आमच्यापाशी कोष्टकेही असतात. २०११ साली भारतात जी पद्धत स्वीकारली गेली तिच्यात मुख्यतः दोन गोष्टी पाहत : घरातील मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण किती, आणि वीजजोडणी, छताचा पंखा, गॅसची शेगडी, फ्रीज अशा ठरावीक अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत. त्यावरून घराचा वर्ग ठरे. पण खरे शिक्षण मिळते ते कोष्टक बाजूला ठेवल्यावर.

एखाद्या घरी बाई सांगतात, आमच्याकडे कपड्यांना अमुकच पावडर वापरतात. पावडरचा डबा फडताळात दर्शनी भागी मांडलेला असतो. आम्ही तो पाहतो, मान डोलावतो आणि मग मोरीकडे जातो. तेथे नळाजवळ धुण्याच्या साबणाची एक पातळ, झिजून वाकडी झालेली वडी पडलेली असते. बाई खोटे बोलत नसतात. डबा त्यांच्या मनातील घराचा असतो, वडी रोजच्या घराची. नियोजकाने डब्याचा मान राखावा, पण विश्वास वडीवर ठेवावा, हे मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी शिकविले. पुढे जे काही शिकले ते त्याच धड्याची उजळणी होय.

सवय कशी लागते याचे आपल्या देशातील मोठे उदाहरण चहाचे. चहा येथे पिकत असे, पण बहुसंख्य लोक तो पीत नसत. तो जहाजांनी परदेशी जाई. १९०३ साली चहाच्या निर्यातीवर उपकर बसला आणि त्या पैशांतून प्रचार होऊ लागला. पुढल्या काळात प्रचारकांनी रेल्वेस्थानकांवर, कारखान्यांत, बाजारांत चहा करून दाखविला. पाणी कसे उकळावे, पत्ती किती घालावी, हे देशी भाषांतील फलकांवर लिहिले. चहा उत्तम आहे एवढे सांगून भागले नसते. त्याला दिवसातील एक वेळ द्यावी लागली, एक निमित्त द्यावे लागले : सकाळी उठल्याचे, गाडीची वाट पाहण्याचे, पाहुणा दारात आल्याचे. आज ते फलक फारसे कोणाला ठाऊक नाहीत. पण चहावाचून आपली सकाळ होत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या या बंगालातले. १७४० च्या दशकात नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्या येथे झाल्या आणि १७५१ च्या तहाने त्या थांबल्या. आपल्या 'बारगीर' शब्दाचे येथे 'बर्गी' झाले, आणि त्या बर्गींचे भय घालणारी अंगाई बंगाली घरांत आजही म्हटली जाते. माझा मुलगा तान्हा असताना शेजारच्या मासीमा त्याला तीच म्हणून झोपवीत. आमच्याच पूर्वजांच्या धाकाने आमचे मूल झोपी जाई, आणि मासीमा व मी, दोघी हसत असू. पण विचार करा, पावणेतीनशे वर्षे हे गाणे कशामुळे टिकले? त्याची कोणी जोपासना केली म्हणून नव्हे. त्याला रोज रात्री काम होते म्हणून.

आता आपल्या घरांकडे येते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते; देशात हिंदी आणि बंगालीनंतर मराठीचा क्रम लागला. त्यांतील सुमारे ५५ लाख महाराष्ट्राबाहेर होते, म्हणजे आपण आणि आपल्यासारखे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. या सर्व गोष्टींचा मला अभिमान आहे. परंतु धंद्याची सवय सुटत नाही. मी हे आकडे वाचते आणि मोरीकडे जाते.

प्रवासात पुष्कळदा मराठी कुटुंबांतून उतरण्याचा योग येतो. तेथे मुलांशी मराठीतून जे बोलले जाते ते मी कान देऊन ऐकते. ऊठ. आवर. दूध संपव. दप्तर भर. पाहुण्यांना नमस्कार कर. ही जवळजवळ सगळी आज्ञार्थी वाक्ये. मुलाचे भांडण होते हिंदीत किंवा स्थानिक भाषेत, विनोद होतो इंग्रजीत, गुपित सांगितले जाते मैत्रिणीच्या भाषेत. मग आईवडील म्हणतात, "त्याला मराठी सगळे समजते हो, फक्त बोलत नाही." बोलेल कसा? हुकूम पाळायला भाषा समजली की पुरते. भांडायला, घासाघीस करायला, थाप मारायला ती बोलावी लागते. आपण मुलांपुढे मराठीची थोरवी गातो आणि तिला घरात काम मात्र देत नाही.

माझ्यापुरता हा प्रश्न आईमुळे तीव्र झाला. ती साताऱ्यास एकटी राहते. तिला मराठीखेरीज दुसरी भाषा येत नाही. नातवाशी तिचे फोनवरील संभाषण "बरा आहेस ना? जेवलास का? अभ्यास कर" एवढ्यावर येऊन ठेपले होते. आजी आणि नातू यांच्यामध्ये आपल्याला दुभाषी म्हणून बसावे लागेल, या विचाराने मला परगावच्या खोल्यांतून झोप येत नसे.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांनी दगा दिला आणि वर्तमानपत्र वाचणे बंद झाले. शेजारच्यांना रोज कसे सांगायचे, असे ती म्हणाली. तेव्हा माझ्या दहा वर्षांच्या मुलाकडे हे काम आले. रोज संध्याकाळी सात वाजता तो संगणकावर मराठी वर्तमानपत्र उघडतो आणि फोनवरून आजीला वाचून दाखवितो. आरंभी तो अक्षरे जुळवीत वाचत असे. "आजी, न्यायालयाने ताशेरे ओढले म्हणजे काय ओढले?" असे विचारी, आणि आजी दहा मिनिटे ताशेरे या विषयावर बोले. अग्रलेखावर दोघांचे मतभेद होऊ लागले. क्रिकेटवरून तर कडाक्याचे भांडण झाले, आणि ते संपूर्ण मराठीत झाले.

आजीची रास कर्क. भविष्यात आर्थिक चणचण अथवा प्रकृतीची कुरबुर लिहिलेली असली की हा ते वाक्य गाळतो आणि जागच्या जागी दुसरे रचतो : जुने येणे वसूल होईल, दूरचा प्रवास घडेल, नातवाकडून शुभवार्ता कळेल. परवा आई मला म्हणाली, "याच्या वर्तमानपत्रात माझे दिवस फार चांगले चालले आहेत ग." तिने सारे ओळखले आहे, पण त्याला ती कळू देत नाही. बंगालीत लिंगभेद नसल्यामुळे तो अजून "माझा पुस्तक" म्हणतो. पण म्हाताऱ्या माणसाचे मन राखण्यासाठी थाप मारण्याइतके मराठी त्याला आले आहे. मी परगावाहून घरी फोन लावते तेव्हा तो हल्ली बहुधा गुंतलेला असतो.

याचा अर्थ मुलांनी शेजारची भाषा टाळावी असा मुळीच नाही. सखाराम गणेश देऊस्कर हे मराठी घराण्यातले. १८६९ साली देवघरनजीक जन्मले आणि १९०४ साली त्यांनी 'देशेर कथा' हा ग्रंथ बंगालीत लिहिला. १९१० साली सरकारला तो जप्त करावासा वाटला, इतके त्याचे वजन. आपल्या मुलांनी अशी बंगाली जरूर लिहावी. मराठी मागे पडते ती शेजारची भाषा घरात आल्याने नव्हे, तर मराठीवाचून घरातले काहीही अडत नाही म्हणून.

आता मंडळाला एक विनंती. पाठांतराच्या स्पर्धा आणि गणेशोत्सवातील नाट्यप्रवेश चालू राहोत. डबाही घरात हवाच. परंतु मुलांना मराठीतून करावयाचे खरे काम द्या. प्रसादाचा बाजारहाट, खर्चाची वही, सूचनाफलक त्यांच्या हाती सोपवा. मंडळात ज्यांना वाचणे कठीण झाले आहे असे सभासद आहेत; त्यांच्याकडे आठवड्यातून एक संध्याकाळ एकेक मूल पाठवा. ऱ्हस्वदीर्घ चुकतील, हिशेबही चुकेल. चुकू द्या. झिजल्याशिवाय वडी कामास आली असे म्हणता येत नाही.

पंचवीस वर्षांनी हे मंडळ पंचाहत्तरीची स्मरणिका काढील. तिच्यात आज बारा वर्षांच्या असलेल्या कोणीतरी एक लेख मराठीत लिहावा, आणि त्यात मंडळाच्या कारभाराविषयी एखादी सणसणीत तक्रार असावी, एवढीच माझी इच्छा आहे.