सहीच्या वर छापलेले शब्द

मी राणीसावरगावहून बोलते आहे. गंगाखेड तालुक्यातल्या आणि आसपासच्या सगळ्या बचत गटांतल्या ताई, मावशी, काकू, हातातलं काम चालू ठेवूनच ऐका.

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. आज आपण अवघड इंग्रजी शब्द शिकणार आहोत. "आता या वयात इंग्रजी कशाला बया?" असं कुणीतरी म्हणेलच. पण मला सांगा, कर्जाच्या कागदावर सही कोण करतं? हप्ता कोण भरतं? आपणच ना? मग आपल्या सहीच्या वर काय छापलंय, ते आपल्याला कळायला नको का?

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. त्याआधी शाळेत गेलेल्या आपल्यापैकी कितीतरी जणींना इंग्रजी भेटलं पाचवीत, आणि सातवी-आठवीला शाळा सुटली. मी बीए झाले, पण हे शब्द मलाही कॉलेजात कुणी शिकवले नाहीत. ते बँकेच्या कागदावरच भेटतात. म्हणून ते न येण्यात कमीपणा काही नाही. अर्थ न विचारता सही करण्यात मात्र धोका आहे.

हे शब्द एकेकटे पाठ करू नका, जोडीनं शिका. कारण घोटाळा होतो तो दोन सारख्या वाटणाऱ्या शब्दांमध्ये.

पहिली जोडी: सँक्शन आणि डिस्बर्समेंट. सँक्शन म्हणजे मंजुरी. डिस्बर्समेंट म्हणजे पैसे प्रत्यक्ष देणं. समजा ४०,००० रुपये सँक्शन झाले, पण प्रोसेसिंग फी आणि विमा कापून खात्यावर ३८,५०० आले. आपण म्हणतो, कर्ज साडेअडतीस हजाराचं. कागद म्हणतो चाळीस हजाराचं, आणि व्याजही चाळिसावर लागतं. म्हणून विचारायचं, "साहेब, सँक्शन किती, हातात किती, आणि मधले पैसे कशाचे कापले?"

दुसरी जोडी: आउटस्टँडिंग आणि ओव्हरड्यू. आउटस्टँडिंग म्हणजे कर्जाची एकूण बाकी. ती पुढच्या हप्त्यांत फिटत जाणार असते. ओव्हरड्यू म्हणजे तारीख उलटून गेलेली थकबाकी. आमच्याकडच्या एका मावशींच्या मोबाईलवर ३२,००० आउटस्टँडिंग असा मेसेज आला. लेकानं वाचला आणि म्हणाला, "माय, तुझे बत्तीस हजार थकलेत." मावशी एकही हप्ता चुकलेल्या नव्हत्या, तरी रात्रभर झोपल्या नाहीत. सकाळी शेळ्या बाजारात न्यायला निघाल्या होत्या. बँक सखीनं शब्द समजावून सांगितला, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

तिसरी जोडी: विटनेस आणि गॅरंटर. विटनेस म्हणजे साक्षीदार. "ही सही माझ्यासमोर झाली," एवढंच तो सांगतो. गॅरंटर म्हणजे जामीनदार. कर्जदारानं पैसे भरले नाहीत, तर जामीनदारानं भरायचे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. एका ताईनं शेजारणीसाठी अशीच सही केली. "नुसती साक्षीची सही आहे," असं तिला सांगितलं होतं. शेजारीण घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेली, हप्ते थांबले, आणि वसुलीवाले या ताईच्या दारात आले. कागदावर तिच्या नावाखाली गॅरंटर असं छापलेलं होतं. त्या एका शब्दापायी तिनं वर्षभर दुसऱ्याचं कर्ज फेडलं. याच कुळातला तिसरा शब्द को-बॉरोअर, म्हणजे सहकर्जदार. ते कर्ज पहिल्या दिवसापासून आपलंही असतं.

चौथी जोडी: मोरॅटोरियम आणि वेव्हर. हा शब्द २०२० साली कोरोनाच्या वेळी घराघरात आला. रिझर्व्ह बँकेनं १ मार्चपासून आधी तीन महिने आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची सवड देऊ केली. ती सवड म्हणजे मोरॅटोरियम. पुष्कळांनी तिला माफी समजलं. पण हप्ता थांबला तरी बाकीवर व्याज चढत होतं. माफीला शब्द आहे वेव्हर. पुढं कधी कुणी "हप्ता थांबवलाय" असं सांगितलं, तर लगेच विचारा, "व्याज चालू आहे का बंद?"

पाचवी जोडी पैशाच्या हिशोबाची: फ्लॅट आणि रिड्युसिंग. जरा नीट ऐका. १०,००० रुपये वर्षासाठी, १२ टक्क्यांनी घेतले. फ्लॅट म्हणजे वर्षभर पूर्ण दहा हजारांवर व्याज. ते झालं १,२०० रुपये, आणि हप्ता पडला महिन्याला ९३३. शेवटच्या महिन्यात आपल्याकडे जेमतेम नऊशे रुपये उरलेले असतात, तरी व्याज दहा हजाराचंच. रिड्युसिंग म्हणजे जेवढी मुद्दल उरली, तेवढ्यावरच व्याज. तेव्हा हप्ता पडतो सुमारे ८८८ रुपये, आणि वर्षाचं व्याज साधारण ६६२. दोन्हीकडे "बारा टक्के"च सांगतात, पण फरक साडेपाचशे रुपयांच्या आसपास. दहा हजारांवर एवढा, तर पन्नास हजारांवर किती, ते तुम्हीच मोजा. म्हणून नुसता टक्का विचारून थांबू नका. फ्लॅट का रिड्युसिंग, तेही विचारा.

शेवटी एक तिकडी: प्लेज, मॉर्गेज आणि हायपोथिकेशन. तिन्ही तारणाचे प्रकार. सोनं बँकेत ठेवून कर्ज घेतलं, वस्तू त्यांच्या ताब्यात गेली, तर ते प्लेज. शेत किंवा घर गहाण दिलं, तर मॉर्गेज. सातबाऱ्यावर बोजा चढतो, तो याचाच. आणि म्हैस कर्जावर घेतली, गोठा आपला, दूधही आपलंच, पण बँकेला न विचारता ती विकता येत नाही, तर ते हायपोथिकेशन. गाडीच्या आरसी बुकावरही हा शब्द असतो. कर्ज फिटलं की तो आपोआप पुसला जात नाही. बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडून तो काढून घ्यावा लागतो. शेतावरच्या बोज्याचंही तसंच. कर्ज नील झाल्याचा दाखला तलाठ्याकडे द्यायचा आणि नवीन सातबारा हातात घेऊन बघायचा.

आता आपल्या बाजूचे नियम ऐका. १ ऑक्टोबर २०२४ पासून व्यक्तींना आणि छोट्या उद्योगांना मुदतीचं नवीन कर्ज देताना बँकेनं किंवा कंपनीनं की फॅक्ट स्टेटमेंट द्यायचं असतं. म्हणजे कर्जाच्या मुख्य गोष्टींचा एक कागद, तोही आपल्याला समजणाऱ्या भाषेत. त्यात एपीआर असं लिहिलेलं असतं. व्याज आणि फी वगैरे सगळं धरून कर्ज वर्षाला किती टक्क्यांना पडलं, ते त्यावरून कळतं. दोन ठिकाणची कर्जं तोलायची, तर हाच आकडा शेजारी शेजारी ठेवा.

मायक्रोफायनान्सच्या कर्जाला २०२२ पासून वेगळे नियम आहेत. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल, तर हे कर्ज विनातारण असतं. लोन कार्डावरच्या नोंदी आपल्याला कळणाऱ्या भाषेत हव्यात. मुदतीआधी कर्ज फेडलं म्हणून दंड घेता येत नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. तक्रार असेल तर आधी त्या बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. पुढची माहिती रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या नंबरवर विचारता येते.

कुणाला वाटेल, एवढे परके शब्द आपल्या तोंडी कसे बसतील? आपल्या मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं आणि सरकारी कारभार उर्दूत चालायचा. आपल्या पणजी-पणज्यांना कागद वाचून घ्यायलाही माणूस शोधावा लागायचा. आज आपण जामीन, वसूल, रक्कम, हप्ता म्हणतो, तेही फारसी-अरबीतून आलेले शब्द. वापरून वापरून आपले झाले. आणि शब्दांची वही करणं ही तर जुनी रीत आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द त्यात दिले. एवढ्या मोठ्या राज्याला शब्दांची वही लागली, मग आपल्या दहा बायांच्या गटाला का लागू नये?

तेव्हा असं करा. गटाच्या रजिस्टरची मागची चार पानं शब्दांसाठी ठेवा. दर बैठकीत एकच जोडी घ्या. शाळेत जाणाऱ्या एखाद्या लेकीला बोलवा. ती इंग्रजी अक्षरं लिहील, म्हणजे कागदावर तो शब्द ओळखता येईल. शेजारी उच्चार मराठीत लिहा. मग अर्थ, आपल्या बोलीत. आणि शेवटी आपल्याच गटातलं उदाहरण: कोणाचं आउटस्टँडिंग किती, कोण कोणाची गॅरंटर. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांनी अर्थ तोंडी सांगायचा. आपल्या मावश्यांना सगळ्या गटाचा हिशोब तोंडपाठ असतो, त्यांना दोन शब्द जड नाहीत.

आणि कागद पुढं आला की नुसतं "याचा अर्थ काय?" विचारून थांबू नका. "या शब्दानं माझ्यावर काय बंधन येतं?" असं विचारा. समोरचा म्हणाला, "घाई आहे, आधी सही करा," तर कागद घडी करून घरी आणा. ग्रामसंघात वाचून घ्या, सीआरपी ताईला दाखवा. सही उद्याही करता येते. केलेली सही मात्र परत घेता येत नाही.

या आठवड्यात घरातलं एक पासबुक नाही तर लोन कार्ड काढा, न कळणारे दोन शब्द शोधा आणि बैठकीत घेऊन या. पुढच्या वेळी आपण विम्याच्या कागदावरचे शब्द बघू: नॉमिनी, प्रीमियम आणि लॅप्स. तोपर्यंत आपली रजा घेते. नमस्कार.