पारसिकचा बोगदा



शाळा सुटली, तरी आमचा रेल्वेचा पास सुटलेला नाही. 1853 साली बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास थांबली व पुढील वर्षी कल्याणास पोहोचली, हे आम्ही कित्येक वर्षे मुलांना शिकविले. परंतु आमचे खरे ममत्व 1916 साली खुल्या झालेल्या पारसिकच्या बोगद्यावर! आमच्या कुटुंबाचे माहेर ठाण्याचे. रविवारी डोंबिवलीहून जलद गाडीने उभयता निघत असू. गाडी बोगद्यात शिरली की त्या गडगडाटात बोलणे बुडून जाई आणि ती आमची बाही घट्ट धरी. चारचौघांत तेवढीच काय ती सलगी.

ती निवर्तून दोन वर्षे होतात न होतात, तोच 2022 साली मार्ग बदलले. जलद लोकल मुंब्र्यावरून जाऊ लागली, बोगदा लांबच्या गाड्यांकडे गेला. वाढत्या गर्दीचा विचार करता झाले ते योग्यच. आमची तक्रार नाही.

आमच्यासारखी एकटी राहिलेली मंडळी या सभेत असतील. रविवारी दुपारी आम्ही धिम्या गाडीने ठाण्यास जाऊन परत येतो. काम काहीच नसते. कोणास सोबत यावेसे वाटल्यास अवश्य कळवावे. त्या वेळी बाकावर शेजारची जागा बहुधा रिकामी असते.