नावडतीचे मीठ : ‘टायगर ३’चा फेरविचार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलावे, इतिहासावर बोलावे, फार तर पाटपाण्यावर आणि शेतमालाच्या भावावर बोलावे, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. आम्ही मात्र आज सलमान खानच्या एका बोलपटावर बोलणार आहोत. आणि तोही गाजलेला नव्हे, तर लोकांनी नाक मुरडलेला! विषय जाहीर झाला तेव्हा एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी आम्हांला काळजीने विचारले, “ऊन लागले की काय हो?” नांदेड-लातूरकडील उन्हाळा ध्यानात घेता हा प्रश्न अगदीच गैरलागू होता, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु विषय आम्ही शुद्धीवर असताना निवडला आहे, आणि तो का निवडला हे ऐकून घेण्यापुरता धीर आपण धरावा, एवढीच विनंती.

हेरांच्या कथांचे वेड आपल्याला नवे नाही. बहिर्जी नाईकाचे नाव घेतले की मराठी मुलाचे डोळे आजही चमकतात. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर आपल्याकडील पिढ्यांनी अभ्यासाची पुस्तके बाजूस सारून रात्री जागवल्या. हिंदी पडद्यावर १९६७ साली ‘फर्ज’मधून जितेंद्र गुप्तहेर बनून आला, तो बोलपट मुळात १९६६च्या ‘गूढचारी ११६’ या तेलुगू चित्रपटावरून घेतलेला होता. पुढे १९७९ साली ‘सुरक्षा’ आणि १९८१ साली ‘वारदात’ या दोन चित्रपटांत मिथुन चक्रवर्ती ‘गनमास्टर जी-९’ झाला. पण ती मालिका दोन बोलपटांतच आटोपली. हेरपटांची खरी लांबलचक माळ आपल्याकडे ओवली ती मुंबईच्या यशराज संस्थेने. १५ ऑगस्ट २०१२ रोजी ‘एक था टायगर’ आला. २०१७ साली ‘टायगर जिंदा है’. २०१९ साली ‘वॉर’. २०२३च्या जानेवारीत ‘पठाण’. त्याच वर्षीच्या १२ नोव्हेंबरला ‘टायगर ३’. आणि १४ ऑगस्ट २०२५ रोजी ‘वॉर २’. या माळेतला पाचवा मणी आज आम्ही हातात घेतला आहे.

प्रथम आरोपपत्र वाचू. ‘पठाण’ने जगभरात १००० कोटी रुपयांचा टप्पा ओलांडला होता, ‘टायगर ३’ला त्याचा निम्मा पल्लाही गाठता आला नाही. अडीच तासांहून थोडी अधिक लांबी, तीच ती मोटारींची पळापळ, तेच ते देशोदेशीचे देखावे. इस्तंबूलमधील चोरीचा प्रसंग बुद्धीपेक्षा स्नायूंवर विसंबलेला. शाहरुख खानचा पठाण मध्येच येऊन टायगरला पाकिस्तानी तुरुंगातून सोडवतो. हा प्रसंग कथेच्या गरजेपेक्षा तिकीटबारीच्या गरजेतून आलेला वाटतो. नायकाला गोळी लागत नाही, लागली तर दुखत नाही, आणि दुखले तर ते पुढच्या दृश्यापर्यंत बरे होते. हे सारे आरोप आम्हांला मान्य आहेत. त्यांतला एकही खोडून काढण्यासाठी आम्ही येथे उभे नाही.

पण चित्रपट पडला तो केवळ दोषांमुळेच काय? याहून मोठे दोष अंगावर मिरवीत कितीतरी बोलपट धो धो चाललेले आपण पाहिले आहेत. ‘टायगर ३’ प्रदर्शित झाला तो दिवस लक्ष्मीपूजनाचा. घरोघरी सायंकाळी पूजा मांडलेली असताना बोलपटास जाणार कोण? त्यातच विश्वचषकाचे क्रिकेट ऐन रंगात आलेले. त्याच दिवशी बंगळुरात भारताचा सामना, १५ नोव्हेंबरला मुंबईत उपांत्य सामना आणि १९ला अहमदाबादेत अंतिम सामना. अशा वेळी हेराकडे पाहायला डोळे मोकळे कोठून असणार? जे गेले त्यांचा उत्साह मात्र विचारू नका! मालेगावला तर लोकांनी चित्रपटगृहाच्या आतच फटाके उडवले, आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. म्हणजे एकीकडे रिकाम्या खुर्च्या, दुसरीकडे धूर. या दोहोंच्या मध्ये बसून बोलपट शांतपणे पाहिला कोणी?

आम्हीही पहिल्या खेपेला तो अर्ध्या रिकाम्या गृहात, अर्ध्या लक्षाने पाहिला आणि बाहेर पडताना इतरांप्रमाणेच मान हलवली. दुसऱ्या खेपेला घरी बसून पाहिला, तेव्हा मात्र वाटले की, आपल्याकडे ‘नावडतीचे मीठ अळणी’ म्हणतात, तसे काहीसे येथे झाले आहे. मीठ होते; आपण ते चाखले नाही.

असे अन्यत्रही घडले आहे. जेम्स बाँडच्या विख्यात मालिकेत १९६९ साली ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ नावाचा चित्रपट आला. शॉन कॉनरी जाऊन जॉर्ज लॅझेन्बी हा नवखा नायक आलेला. बाँड त्यात चक्क लग्न करतो, आणि लग्नाच्याच दिवशी त्याची पत्नी मारली जाते. आधीच्या बाँडपटाच्या मानाने त्याची कमाई कमी झाली, नायक पुन्हा कधी त्या भूमिकेत दिसला नाही, आणि चित्रपट बाजूस पडला. आज त्याच चित्रपटास कित्येक जाणकार मालिकेतील उत्कृष्टांमध्ये गणतात. २०२१च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये त्याचे संगीत मुद्दाम वापरण्यात आले. कारण काय? तर ज्या गोष्टीमुळे तो नावडता झाला, म्हणजे हेराला हृदय असते ही गोष्ट, तीच पुढे त्याचे बळ ठरली. तेव्हा नावडत्या चित्रपटाला विचारायचा खरा प्रश्न असा : बा, तुझ्या भावंडांनी जे केले नाही, असे तू काय केलेस?

मनीश शर्मा यांनी दिग्दर्शित केलेल्या या बोलपटाची कथा थोडक्यात अशी. टायगर हा भारताचा हेर. त्याची पत्नी झोया (कतरिना कैफ) ही पूर्वाश्रमीची पाकिस्तानी हेर. तिच्या वडिलांनीही हेच काम केलेले. एका मरणासन्न सहकाऱ्याच्या तोंडून टायगरच्या कानी येते की, झोया दगाबाज आहे. प्रत्यक्षात आतिश रहमान (इम्रान हाश्मी) याने त्यांच्या लहान मुलावर विषप्रयोग करून तिला पेचात धरलेले असते. आतिशच्या मनात सूड आहे. टायगरच्या एका जुन्या मोहिमेत त्याची पत्नी गेली आहे. त्याचा डाव असा की, भारताशी सलोखा करू पाहणाऱ्या पाकिस्तानच्या पंतप्रधान नसरीन इराणी (सिमरन) यांना संपवून लष्करी सत्ता आणावी. आणि भारताचा हेर टायगर, ज्याला पाकिस्तानने शत्रू म्हणून तुरुंगात टाकले, तोच शेवटी त्या देशाच्या पंतप्रधानाच्या संरक्षणास उभा राहतो.

श्रोतेहो, एवढ्या एका वाक्यासाठी आम्ही हे व्याख्यान योजले. शत्रूराष्ट्राचा बाँब निकामी करणारे नायक आपण पुष्कळ पाहिले. शत्रूराष्ट्राची लोकशाही वाचवणारा नायक किती पाहिले? ज्या वर्षी ‘गदर २’ने शेजाऱ्यावर डरकाळ्या फोडून देशातच ५०० कोटींहून अधिक मिळवले, त्याच वर्षी हा बोलपट म्हणत होता की, सीमेपलीकडे आतिश आहे तशी नसरीनही आहे. ‘टायगर जिंदा है’मध्ये दोन्ही देशांचे हेर मिळून इराकमध्ये अडकलेल्या २५ भारतीय आणि १५ पाकिस्तानी परिचारिकांना सोडवतात. पण तेथे वैरी तिसराच होता, म्हणून हात मिळवणे सोपे गेले. ‘टायगर ३’ने ती सोय सोडली. वैरीही त्याच घरातला आणि वाचवण्याजोगी व्यक्तीही त्याच घरातली. शेवटी त्या देशातील शाळकरी मुलींचे वाद्यपथक आपले राष्ट्रगीत वाजवते. आमच्या शेजारचे काहीजण उभे राहिले. जे दाराकडे निघाले होते ते जागीच थबकले. क्षणभर त्या गृहात कोणालाच काय करावे ते कळेना. तो क्षण आम्हांला साऱ्या स्फोटांहून मोठा वाटला.

हे भाबडे आहे, असे आपण म्हणाल. म्हणून आता पडदा बाजूस सारून आपल्याच घरात या.

नांदेड आणि लातूर ही गावे १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामी राज्यात होती. गुप्त निरोप, वेषांतरे, सरहद्दीवरील छावण्या ही आपल्याकडे पुस्तकातली गोष्ट नव्हती. १९४६ साली अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. १९४८च्या जानेवारीत उमरीच्या बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी धाड घातली. रझाकारांनी जे केले, ते या सभागृहातील कित्येक घरांत अजून सांगितले जाते, आणि ते विसरावे असे आम्ही कधीही म्हणणार नाही. पण त्याच काळात हैदराबादेत ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत होते. २२ ऑगस्ट १९४८ रोजी रझाकारांनी त्यांचा खून केला. म्हणजे ज्या घराला आपण वैऱ्याचे घर म्हणत होतो, त्या घरात आपल्यासाठी मरणारा माणूस होता.

आणि पुढचे पानही वाचले पाहिजे. पोलीस कारवाईनंतर पंडित सुंदरलाल यांची समिती या मुलुखात फिरली. तिचा अहवाल कैक दशके बंद राहिला आणि २०१३ साली लोकांसमोर आला. मुसलमान रयतेची सर्वांत अधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत नांदेडचे नाव आहे, आणि उस्मानाबादचेही. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादेतच होता. तो वेगळा झाला १९८२ साली. आतिश कोण आणि त्याच गल्लीतला विणकर कोण, हा भेद रागाच्या भरात पुसला गेला की काय होते, हे आपल्याला इतरांनी शिकवायला नको. त्याच अहवालात हेही नमूद आहे की, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांना वाचवले, आणि ते करताना स्वतःचे प्राणही वेचले. त्यांना कोणी हेर म्हटले नाही, नायकही म्हटले नाही. पण ‘टायगर ३’ पडद्यावर जे सांगू पाहतो, ते त्यांनी मागावर काम करणाऱ्या हातांनी करून दाखवले होते.

यावर कोणी म्हणेल की, मुंबईवर २००८ साली जे झाले ते विसरून आम्ही शेजाऱ्याला मिठी मारावी काय? नाही. बोलपट तसे म्हणत नाही आणि आम्हीही म्हणत नाही. आतिशला तो माफ करत नाही. त्याचे दुःख खरे आहे हे तो दाखवतो आणि तरीही त्याचा डाव उधळून लावतो. शिक्षा कोणाला द्यायची हे नेमके कळण्यासाठीच भेद करावा लागतो. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात चाणक्य हेरांचे केवढे जाळे पसरतो! पण कशासाठी? राक्षसाला ठार मारण्यासाठी नव्हे, तर त्या निष्ठावंत प्रतिपक्षी अमात्याला चंद्रगुप्ताच्या बाजूस आणण्यासाठी. शत्रूच्या गोटातील चांगला माणूस ओळखणे हे आपल्या परंपरेत हेरगिरीचे शिखर मानले आहे; दुबळेपणा नव्हे.

उणीव सांगायची तर आमची खरी तक्रार निराळीच आहे. नसरीनबाईंना या बोलपटाने इतके स्वच्छ रंगवले की, त्या माणूस कमी आणि देव्हाऱ्यातील मूर्ती अधिक वाटतात. आणि त्यांचे घर वाचवायला शेवटी आपलाच वीर लागतो, हा आपला अहंकारही त्यात आहेच. तिथल्या माणसांनीच आपले घर सावरले असते, तर हा चित्रपट थोर झाला असता. तो थोर नाही. पण मालिकेतील सर्वांत धीट तोच आहे, आणि ज्याला आपण ‘पडला’ म्हणतो तो त्या धिटाईमुळेही थोडा पडला असावा, अशी आम्हांला शंका आहे.

तेव्हा श्रोतेहो, घरी गेल्यावर सवड काढून तो पुन्हा एकदा पाहावा. मारामाऱ्यांच्या वेळी खुशाल उठून चहा ठेवावा. काही बिघडणार नाही. शेवटी त्या मुली वाद्ये उचलतील, तेव्हा मात्र बसून राहावे, आणि शोएबुल्ला खानांची आठवण करावी. एवढे झाले तर आमच्या या उन्हातल्या बडबडीचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.