वाट कोणी द्यावी? – लहान नौका आणि मोठी जहाजे

(सागरी कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी दर्यावर्दी नाही. भाषांतर हे माझे काम. समुद्रावरील टकरी टाळण्यासाठी केलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांतील काही कलमे ह्या वर्गासाठी मराठीत उतरविताना माझी लेखणी दोन वाक्यांपाशी अडली. त्या दोहोंतील फरकावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, म्हणून त्याविषयीच बोलतो.

हे नियम 1972 साली ठरले आणि 15 जुलै 1977 पासून अमलात आले. त्यांतील 18 वे कलम म्हणते की, यंत्रावर चालणाऱ्या जहाजाने मासेमारीत गुंतलेल्या नौकेच्या वाटेतून दूर राहावे. जाळे ओढणाऱ्या नौकेला चटकन वळता येत नाही. ज्याला वळता येते त्याने वळावे, हा त्यामागील न्याय. 9 वे कलम मात्र सांगते की, अरुंद जलमार्गात मासेमारी करणाऱ्या नौकेने तेथून जाणाऱ्या जहाजाला अडथळा करू नये. तेथे खोल पाण्याची पट्टी चिंचोळी. मोठे जहाज बाजूला वळले तर गाळात रुतेल. वाक्ये वेगळी, न्याय एकच.

ह्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, जलमार्गात जहाजाला कोणतेच बंधन नाही. तो चुकीचा आहे. टकरीचा धोका उत्पन्न होताच, ज्याला अडथळा करावयाचा नाही त्या जहाजावरही सर्व नियम पूर्णपणे लागू राहतात, असे 8 वे कलम स्पष्ट बजावते.

आता कागदावरून पाण्याकडे येऊ. आखातातून व सुएझकडून कोलंबोकडे जाणारी जहाजे केरळच्या किनाऱ्यावरून जातात आणि मच्छीमारही तेथेच जाळी टाकतात. 1 मार्च 2012 रोजी अलप्पुझानजीक मालवाहू जहाजाच्या धडकेने पाच मच्छीमार बळी पडले. 11 जून 2017 रोजी कोचीनजीक 14 जणांची नौका फुटली. 11 जण वाचले. एप्रिल 2021 मध्ये मंगळूरजवळच्या समुद्रात केरळच्या बेपूरहून निघालेल्या नौकेवर 14 जण होते. वाचले केवळ दोघे. प्रत्येक प्रसंगी दोष कोणाचा, हा न्यायनिवाडा येथे करावयाचा नाही. असे का घडू शकते, हे समजून घ्यावयाचे आहे.

जहाजाच्या पुढील टोकासमोर पाण्याचा काही भाग ब्रिजवरून दिसतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार हा आंधळा पट्टा जहाजाच्या लांबीच्या दुप्पट किंवा 500 मीटर, ह्यांपैकी जे कमी असेल तेवढा असू शकतो. 15 नॉट वेगाने चाललेले जहाज मिनिटाला सुमारे 460 मीटर जाते. म्हणजे नौका ह्या पट्ट्यात शिरली की वेळ उरतो तो जेमतेम मिनिटाचा. आणि भरलेले जहाज मिनिटात थांबत नाही. लाकडी वा फायबरची नौका रडारवर क्षीण दिसते. म्हणून डोळ्यांनी व कानांनी अखंड टेहळणी करावी, हे 5 वे कलम सर्वांवर सारखेच बंधनकारक आहे.

परंतु टेहळणी करतो तो माणूस. सागरी कामगार करारानुसार त्याला 24 तासांत किमान 10 तास विश्रांती मिळालीच पाहिजे. भारताने 2015 मध्ये हा करार मान्य केला. अपुऱ्या खलाशांवर जहाज हाकून कागदावर विश्रांतीचे तास भरणे म्हणजे त्या खलाशाचा आणि समोरच्या मच्छीमाराचा जीव एकाच वेळी पणाला लावणे होय. ह्या प्रश्नात खलाशी व मच्छीमार एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत.

आपल्या बाजूचे कर्तव्यही तितकेच कठोर आहे. ट्रॉल ओढताना रात्री हिरव्या दिव्याखाली पांढरा, इतर जाळी टाकताना तांबड्याखाली पांढरा दिवा हवा. आणि मासेमारी संपवून परत फिरताच हे दिवे उतरविले पाहिजेत. परतणारी नौका मासेमारीत गुंतलेली नसते. 18 व्या कलमाचे संरक्षण तिला मिळत नाही. सारे निजले आहेत आणि नौका वाहत आहे, असे कधीही घडता कामा नये.

शासनाने नैर्ऋत्य किनाऱ्यासाठी मालवाहू जहाजांचे व मासेमारी नौकांचे मार्ग वेगळे केले; ही योजना 1 ऑगस्ट 2020 पासून अमलात आली. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु मंगळूरजवळच्या त्या नौकेवर तामिळनाडूचे, बंगालचे आणि ओडिशाचे कामगार एकत्र होते. नकाशा व सूचना इंग्रजीत निघाल्या, तर त्यांच्यापर्यंत त्या पोहोचणार कशा?

म्हणून माझी मागणी भाषांतरकाराची आहे, पण क्षुल्लक नाही. मार्ग, दिवे व भोंग्याचे संकेत प्रत्येक मासळी बंदराच्या भिंतीवर तेथे राबणाऱ्यांच्या सर्व भाषांत रंगविले जावेत, आणि हंगामाच्या आरंभी तांडेल व खलाशी ह्यांना ते तोंडी समजावून द्यावेत. 'दूर राहणे' आणि 'अडथळा न करणे' ह्यांतील फरक मला मेजावर बसून कळला. दर्यात जाणाऱ्याला तो किनारा सोडण्यापूर्वीच कळला पाहिजे.