गाडीचा आंस आणि बैलाची मान



दसऱ्याचें सोनें लुटून झालें कीं आपल्या नाशिक जिल्ह्याच्या पूर्वेकडील रस्त्यांवर एक निराळीच हालचाल सुरू होते. नांदगांव, मालेगांव, येवला या तालुक्यांतील कोरडवाहू गांवांमधून ऊंसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कोणी ट्रकमध्यें चढतात, कोणी ट्रॅक्टरच्या मागील गाड्यांत बसतात, आणि ज्यांच्या पदरीं बैलजोडी आहे त्यांतले कित्येक गाडी जुंपून निघतात. गाडीवर धान्याचीं पोतीं, भांडीं, अंथरुणें, कोपीचे बांबू व चटया, आणि त्या साऱ्याच्या वर एखादें झोंपलेलें मूल. पुढें पांच-सहा महिने या कुटुंबाचा संसार गाडीच्याच आधारानें चालावयाचा असतो. दिवसा तिच्यावर ऊंस, रात्रीं तिच्या आडोशाला बिऱ्हाड. या चाकांवरील घराचा पाया म्हणजे गाडीचा आंस व तिचा सांगाडा. त्यांच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

चाकांवरील घर ही कल्पना भारतांत नवी नाहीं. राजस्थानांतील गाडिया लोहार पिढ्यान् पिढ्या बैलगाडींतच संसार करीत आले. चितोड मोंगलांच्या हातीं पडल्यावर, घराच्या छपराखालीं राहणार नाहीं अशी शपथ त्यांच्या पूर्वजांनीं घेतली, अशी परंपरागत समजूत आहे. १९५५ सालीं पंडित नेहरूंच्या उपस्थितींत त्यांनीं चितोडांत पुन्हां प्रवेश केला. परंतु त्या लोहाराच्या आणि आपल्या ऊंसतोड मजुराच्या गाडींत एक महत्त्वाचा भेद आहे. लोहाराची गाडी त्याची स्वतःची, आणि ती दुरुस्त करण्याची विद्याही त्याच्याच हातांत. ऊंसतोड मजुराची गाडी मात्र पुष्कळदां कारखान्याची किंवा मुकादमाची असते. ती मोडली तर दुरुस्त कोणीं करावी हा प्रश्न आणि मोडण्याचा भोग, हे दोन्हीं निरनिराळ्या माणसांच्या वांट्याला येतात.

जुनी लांकडी गाडी आपणांपैकीं वडीलधाऱ्यांनीं पाहिली असेल. बाभळीचा तुंबा, त्यांत ठोकलेले आरे, आणि शेणींच्या जाळांत लाल करून चाकावर चढविलेली लोखंडी धांव. ती गाडी गांवचा सुतार व गांवचा लोहार मिळून करीत. तिच्यांत एक मोठा गुण होता. ती बोलत असे! वंगण संपलें कीं ती करकरे. आरा सैल झाला कीं खडखडे. लांकूड फाटूं लागलें कीं डोळ्यांना भेग दिसे. पुढें रबरी टायरची गाडी आली. तिनें चाल हलकी केली, हादरे कमी केले, आणि त्याच बैलजोडीकडून कितीतरी अधिक ओझें ओढून घेण्याची सोय केली. १९३३ सालीं रावळगांवला साखर कारखाना उभा राहिला, १९५० च्या अखेरीस प्रवरेकांठीं लोणीस सहकारी कारखान्याचें चाक फिरूं लागलें, आणि नंतर आमच्या दिंडोरीच्या कादव्यापर्यंत कारखान्यांची रांग लागली. त्या सर्वांच्या फाटकांवर ही टायरगाडी उभी राहिली. पण पोलादाची गाडी बोलत नाहीं. तिचा आंस मोडेपर्यंत मुका असतो.

आतां तिच्या दोषांकडे वळूं. पहिला दोष जागेचा. दुचाकी गाडी ही एक तरफ आहे. ओझ्याचा मध्य आंसाच्या बरोबर वर असेल तर तें चाकें पेलतात. तो पुढें सरकला तर जूं मानेवर दाबतें. मागें गेला तर गाडी उलाळ होते आणि जूं वर उचलून बैलाच्या गळ्याला जोत्याची फांस बसते. साधें गणित करून पाहूं. गाडींत २००० किलो ऊंस आहे. आंसापासून जुंवापर्यंत ३ मीटर अंतर आहे. ओझ्याचा मध्य आंसाच्या पुढें केवळ १५ सेंटीमीटर, म्हणजे वीतभरही नाहीं, असा सरकला, तर जुंवावर १०० किलो भार येतो. प्रत्येक मानेवर ५० किलो. आतां गाडी उताराला लागली. ऊंस आंसाच्या बराच वर रचलेला असतो. ओझ्याचा मध्य आंसाहून १ मीटर उंच धरला आणि उतार दहांत एक असला, तर तो मध्य आणखी १० सेंटीमीटर पुढें येतो, आणि त्याच जुंवावर आणखी सुमारें ६५ किलो चढतात. वजनकांट्यावर यांतलें कांहींच दिसत नाहीं. कांटा ऊंसाचें वजन सांगतो, मानेचें सांगत नाहीं.

दुसरा दोष तिरकेपणाचा. आंस सांगाड्याला ज्या वांकड्या बोल्टांनीं आवळलेला असतो, ते खड्ड्यांतून जातां जातां ढिले होतात आणि आंसाचें एक टोंक बोटभर मागें सरकतें. मग गाडी सरळ चालत नाहीं; ती एका अंगाला ओढते. त्या अंगाचा बैल थकतो, आणि गाडीवान त्यालाच आळशी समजून आसूड उगारतो. टायरही एका कडेनें झिजतात. टायरची झीज पाहून आंस ओळखावा, हा नियम ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

तिसरा दोष सर्वांत घातक. आंसाचा चौकोनी दांडा टोंकाशीं कातून गोल केलेला असतो आणि त्यावर बेअरिंग बसते. जेथें चौकोन संपून गोल सुरू होतो, तेथेंच ताण एकवटतो. तार एकाच जागीं पुन्हां पुन्हां वांकविली म्हणजे तुटते, त्याप्रमाणें प्रत्येक खड्ड्यागणिक तेथें केसाएवढी भेग वाढत जाते. कित्येक गाड्यांचे आंस जुन्या मोटारींच्या मोडींतून आलेले असतात. त्यांचें अर्धें आयुष्य आधींच सरलेलें असतें. अशा आंसाला भेगेवर वेल्डिंगचें ठिगळ लावणें म्हणजे दोष झांकणें होय, कारण सांध्याच्या शेजारचें पोलाद त्या उष्णतेनें ठिसूळ होण्याचा संभव असतो आणि पुढची भेग तेथूनच निघते. सांगाड्याचेंही तसेंच. दांडी जेथें चौकटीला मिळते त्या कोपऱ्यांतला सांधा प्रथम उकलतो. तेथें नुसतें वेल्डिंग न भरतां जाड पत्र्याची आडवी पट्टी द्यावी.

हे दोष शोधण्यासाठीं मोठें यंत्र लागत नाहीं. रिकामी गाडी जॅकवर उचलून चाक हातानें फिरवावें. तें खरखरलें तर बेअरिंग गेलें. वर-खालीं हलवून पाहावें. खडखडलें तर तें ढिलें आहे. दांडीच्या टोंकापासून आंसाच्या दोन्हीं टोंकांपर्यंत सुतळी ताणावी. दोन्हीं मापें सारखीं आलीं पाहिजेत. आणि भेगेसाठीं शाळेंतला खडू पुरतो. चाक काढावें, आंसाचा तो भाग स्वच्छ करून त्याला रॉकेल लावावें, थोड्या वेळानें कोरडा पुसावा आणि वर खडूची भुकटी चोळावी. भेग असेल तर तींत शिरलेलें रॉकेल हळूहळू वर येऊन पांढऱ्या खडूवर ओलसर रेघ उमटवितें. त्या रेघेनंतर तो आंस एक दिवसही वापरूं नये.

इतकें सोपें आहे तर होत कां नाहीं? एक तर पैसे टनावर मिळतात, म्हणून गाडी अधिकाधिक भरण्याकडे ओढ असते. दुसरें, हंगामापूर्वीं घेतलेली उचल अंगावर असते. गाडी एक दिवस उभी राहिली तर तो दिवस बुडतो आणि कर्ज तेवढेंच राहतें. सरकारनें १९६५ सालीं ओढीच्या जनावरांविषयीं नियम केले. त्यांत बॉल बेअरिंगची गाडी, हवेच्या टायरची गाडी आणि तसे टायर नसलेली गाडी यांना ओझ्याच्या निरनिराळ्या मर्यादा ठरविल्या आहेत. आंसाचा आणि जनावराच्या कष्टांचा संबंध कायद्यानें असा मान्य केला आहे. पण आंस सरळ आहे कीं वांकडा, हें फाटकावर कोण पाहतो?

कोणी म्हणेल, आतां ट्रॅक्टर आले, ऊंस तोडण्याचीं यंत्रेंही आलीं. बैलगाडीची चिंता कशाला? परंतु ट्रॅक्टरमागील लहान गाड्यांचे आंसही बहुधा त्याच दुकानांत घडतात, त्याच ठिकाणीं चिरतात, आणि प्रवासांत त्यांच्यावरही बायका-मुलें बसलेलीं असतात. भरल्या गाडीचा आंस रात्रीं महामार्गावर मोडला, तर बैल व माणूस दोघांनाही त्याची किंमत द्यावी लागते.

म्हणून माझी सूचना लहानशी आहे. जो कारखाना गाडी देतो त्यानें हंगाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक आंस तपासून त्यावर तारीख उमटवावी, आणि तपासणीमुळें बुडालेल्या दिवसाची मजुरी द्यावी. ऊंसतोड कामगारांसाठीं राज्यांत गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें कल्याण महामंडळ स्थापन झालें आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मुलांना हाताशीं घेऊन हें काम त्याला सहज करवितां येईल. मुलांना विद्या मिळेल आणि टोळीला भरंवसा.

पोळ्याच्या आदल्या दिवशीं आपल्याकडे खांदेमळणी करतात. वर्षभर जूं वाहिलेल्या खांद्याला हळद व लोणी चोळतात. ही मोठी सुंदर रीत आहे. पण पोळ्यापासून हंगामापर्यंत दोन महिने हातांत असतात. ज्या खांद्याला आपण लोणी लावतों, त्याच खांद्यावर पुढें वांकडा आंस टाकावयाचा असेल तर त्या लोण्याचा उपयोग काय? यापुढें खांदेमळणीच्या दिवशीं खडू आणि सुतळी घेऊन गाडीचीही पाहणी व्हावी. आणि शहरांतल्या आपण मंडळींनीं, सकाळच्या चहांत साखर घालतांना, ती ज्या चाकांवरून आली त्यांची चौकशी आपल्या भागांतल्या कारखान्याकडे एकदां तरी करावी, एवढीच विनंति.